उ: गायींना जवसाचं तेल द्यावं का?

मेंढ्यांना जवसाचं तेल दिल्यावर दुधाचा फॅट वाढला, असा व्हिडिओ बघून तुम्ही गायींना रोज पाव लिटर सुरू करताय, हे वाचलं आणि पोटात गोळा आला. हाच उद्योग मी करून बसलोय.

व्हिडिओ खोटा नाही. शेळ्या-मेंढ्यांत तेलानं फॅट सहसा वाढतोच. गायीचं गणित वेगळं. थेट दिलेलं तेल कोठीपोटात (पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात) गेलं की चारा पचवणारे जंतू मंदावतात, शिवाय त्या तेलापासून तिथं अशी मेदाम्लं तयार होतात की कासेत फॅट बनणंच आखडतं. मी तर वर मक्याचा भरडाही वाढवला होता. ३.७ चा फॅट पंधरवड्यात २.९. शेण पातळ, फेसाळ, त्यात मक्याच्या कण्या. दुपारी बसलेल्या सहा गायींत एखादीच रवंथ करताना दिसायची.

आणि संकलन केंद्रावर (नाव घेत नाही) भर रांगेत ऐकवलं, "पाणी जरा कमी घाला." अहो, पाणी घातलं तर फॅटबरोबर एसएनएफही (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पडेल ना? माझा ८.५ च्या खाली गेलाच नव्हता. रोज मशीनसमोर बसणाऱ्याला एवढं कळू नये? फेरतपासणीसाठी चार खेटे घातले, अर्ज दिला. तो अजून तिथल्याच कुठल्या तरी फायलीत असेल. फॅटच्या दर पॉइंटमागे भावात कपात झाली ती झालीच.

तेल बंद केलं, भरडा निम्म्यावर आणला, कडबा पोटभर. कुट्टी भुशासारखी बारीक करू नका, इंचभर राहू द्या. खायचा सोडा दर गायीला रोज १०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. तीनेक आठवड्यांत फॅट जागेवर आला. द्यायचंच असेल तर बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढं जाणारा फॅट) द्या, पण त्यानं एसएनएफ वाढेल या भ्रमात राहू नका. मिनरल मिक्श्चर चालू ठेवा, मात्र ते गायीच्या तब्येतीसाठी आणि माजासाठी, फॅटसाठी नव्हे, असं माझं मत. मी डॉक्टर नाही, हा माझ्या गोठ्यातला अनुभव. गाय गाभण किंवा आजारी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, शेवटच्या धारा वासराला सोडता का? सगळ्यात जास्त फॅट त्यातच असतो. तेलाचा डबा आणायच्या आधी ते बघा.