फाशी सुनावली म्हणजे खटला संपला नाही

प्रश्न : आमचं बीड जिल्ह्यातलं ऊसतोडीवर जगणारं घर. मागच्या महिन्यात धाकट्या भावाला खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. वकील हायकोर्टासाठी दोन लाख मागतात. गावानं बोलणं टाकलंय. येरवड्याला मुलाखतीच्या रांगेत अशाच आणखी तीन घरांची ओळख झाली. आम्ही मिळून काही करायचं म्हटलं तर ते कायद्यात बसेल का? काय करावं?

उत्तर : ताई, आधी एक करा. दोन लाखांसाठी उचल घेऊ नका आणि कोऱ्या वकीलपत्रावर भावाची सही घेऊ देऊ नका. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. खटल्याचे कागद त्यासाठी न्यायालय स्वतःच वर पाठवतं, तुमचे औरंगाबाद खंडपीठाकडे जातील. तिथं दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पुन्हा तपासतात. तरीही भावाचं स्वतःचं अपील हवंच. त्याला मुदत ३० दिवसांची, म्हणजे तुमचे दिवस भरत आलेत. उलटले असतील तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल.

तुरुंगातल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. भावाला कारागृह अधीक्षकांकडे अर्ज द्यायला सांगा. तुम्हीही खंडपीठाच्या विधी सेवा समितीत अर्ज देऊन पोच घ्या. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, असं समजू नका. मात्र त्याच्या हातात काय द्यायचं, ते तुमच्याच घरात आहे.

माझ्याकडे एक आई कापड दुकानाच्या पिशवीत कागद कोंबून आली होती. रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, आणि तळाशी मुलगा झाडावरून पडून डोक्याला मार लागला तेव्हाचा सरकारी दवाखान्याचा केसपेपर. खटल्यात तो कोणी मागितलाच नव्हता. शिक्षा ठरवताना आरोपीचं बालपण, आजार, तुरुंगातली वागणूक हे सगळं न्यायालयापुढे आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली बजावलंय. भावानं किती हंगाम शाळा बुडवून फडात काढले, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? शाळेत जाऊन जन्मतारखेची नोंद असलेल्या जनरल रजिस्टरचा उताराही काढा. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी अवघा बारा वर्षांचा होता, हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून मान्य झालं आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. पण २०२३ साली. तोवर त्याची २८ वर्षं आत गेली होती.

आता चार घरांचं. एकत्र यायला नोंदणी लागत नाही, तो घटनेनं दिलेला हक्क आहे. आपसात गाडीभाडं वाटून घ्या, कोर्टाच्या तारखा एका वहीत लिहा, पुण्याला जाणाऱ्यानं चौघांचे कागद न्यावेत. बाहेरच्यांकडून वर्गणी काढणार असाल तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्या. खटल्यात काय घडलं, याची चर्चा मात्र व्हॉट्सॲपवर नको, प्रत्येकाचं प्रकरण वेगळं आहे. मयताच्या घरी किंवा साक्षीदारांकडे 'समजूत घालायला' कोणीही जायचं नाही. हेतू चांगला असला तरी ते धमकावणं ठरायला वेळ लागत नाही.

दयेचा अर्ज फार पुढची पायरी आहे. वेळ आलीच तर नव्या फौजदारी कायद्यानं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) तो नातेवाइकालाही करता येतो. एक काम मात्र आत्ताच करायचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारला अफझल गुरूला फाशी झाली, तेव्हा कळवणारं पत्र काश्मिरात घरी दोन दिवसांनी पोचलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं घरच्यांना लेखी कळवायचं, त्यानंतर फाशीपर्यंत किमान १४ दिवस द्यायचे आणि शेवटची भेट घडवायची. पण पत्र जाणार ते कारागृहाच्या दप्तरात असलेल्या पत्त्यावरच. दिवाळीनंतर कोयता घेऊन कर्नाटकात निघाल, तेव्हा कुठल्या कारखान्यावर आहात आणि कोणाचा फोन लागेल, हे येरवड्याला लेखी देऊन जा.