तिशी लागलेल्या नव्या भिडूला

अरे, 1646 मीटरचं कळसूबाई उतरल्यावर दोन दिवस गुडघे दुखले म्हणून घाबरू नकोस. मी बेचाळीस वर्षांचा आहे, हे माझ्या ओळखीचं आहे. पंचविशीत रात्री पुण्याहून निघून पहाटे चढाई, सोमवारी ऑफिस, सगळं जमायचं. तिशीनंतर चढता येतंच, फक्त थकवा उतरायला वेळ लागतो. स्नायू साधारण तिशीपासून दर दशकात 3 ते 8 टक्के घटत जातात, व्यायाम नसेल तर जास्तच. म्हणून आठवड्यातून दोनदा बैठका मार आणि जिने उतरायचा सराव कर, कारण गुडघ्यांवर खरा भार उतरताना येतो. जेवणात उसळी, अंडी वाढव. झोप मोडू नकोस.

शरीराचं एवढंच. मला जड गेलं ते वेगळंच: सोबती गळत गेले. कुणाच्या घरी बाळ, कुणाचे वडील आजारी. मी मनात राग धरून दोन वर्षं कुणाला फोन केला नाही. ती माझीच चूक होती, अजून सलते. तू तसं करू नकोस. मोठा ट्रेक जमत नसेल तर त्यांना रविवारी सिंहगडावर बोलाव, वर पिठलं-भाकरी खा, दुपारपर्यंत घरी. आणि आईलाही एकदा गाडीरस्त्याने वर ने, तिचे पाय चालतायत तोवर.