एफडी मोडून सायकली जोडायच्या का?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून एका दांपत्याचं पत्र आलं आहे. नवऱ्याचं वय ४३, अंधेरीत एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये नोकरी, हातात येणारा पगार ५२,०००. घराचा हप्ता १७,५००, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. सगळं भागवून महिन्याला ६,००० उरतात. लॉकडाऊनमध्ये त्यांना सायकल दुरुस्तीचा नाद लागला. गॅलरीत बसून त्यांनी आजवर तीन जुन्या सायकली नटबोल्टापर्यंत उघडून पुन्हा उभ्या केल्या, त्यातल्या दोन विकल्या. आता दीड लाखाच्या एफडीतून ८५,००० काढायचा विचार आहे: ३२,००० ची अवजारं (कॉम्प्रेसर, सर्व्हिस स्टँड, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढायचा स्टँड, पान्यांचा मोठा सेट), २१,००० ला सात भंगार सायकली, २५,००० चे पार्ट, ७,००० रंगाला. तयार सायकल ९,५०० ला विकायची. वडिलांची 'हिंद' सायकल माळ्यावर पडून आहे, तीही चालू करायची आहे. एफडीला हात लावायला पत्नीचा विरोध आहे. पत्राखाली सह्या मात्र दोघांच्या आहेत, ते मला फार आवडलं.

तुम्हा दोघांना नमस्कार.

एफडी मोडू नका. दादा, हे वाचून पत्र बाजूला ठेवू नका, कारण सायकलींचं काम बंद करा असं मी म्हणत नाही. ते चालू राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच त्याच्यावर एफडीचं ओझं नको.

आधी घराचं बघू. तुमचा खर्च हप्ता धरून ४६,००० आहे. म्हणजे दीड लाखात घर सव्वातीन महिने चालेल. नोकरी गेली, कोणी आजारी पडलं, तर तेवढीच मुदत. त्यातून ८५,००० काढले की उरतात ६५,०००, म्हणजे दीड महिनासुद्धा नाही. नोकरदार घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं मी सगळ्यांना सांगते. तुम्ही अर्ध्या वाटेवर आहात, तिथून मागे फिरायचं नाही. वहिनींचा विरोध छंदाला नाही, त्या घराची शेवटची पुंजी राखतायत. शिवाय मुदतीआधी मोडलेल्या एफडीला ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस ठेव राहिली तितक्या दिवसांचा दर लागतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का दंड कापतात.

आता सात सायकलींचा हिशोब. तुमच्याच आकड्यांवर करते. भंगार ३,०००, पार्ट सुमारे ३,६००, रंग १,०००. एक सायकल साधारण ७,६०० ला पडते. ९,५०० ला गेली तर हातात १,९०० राहतात. वहीत तुम्ही वेळसुद्धा लिहून ठेवलात याचं मला कौतुक वाटतं. तिसऱ्या सायकलला ३१ तास लागले. म्हणजे तासाला ६१-६२ रुपये. त्यातून ३२,००० ची अवजारं फिटायला सतरा सायकली विकाव्या लागतील. आठवड्याला आठ तास मिळतात असं तुम्ही लिहिलंय, त्या वेगाने याला सव्वा वर्ष लागेल. पहिला खरा नफा त्यानंतर. आणि हे सगळं एकही सायकल अडकून पडली नाही, एकाही गिऱ्हाइकाने भाव पाडला नाही, असं धरून.

भाव पडणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ ८,००० ची नवी सायकल आधी ८,९६० ला पडायची, ती ८,४०० ला पडते. पार्ट स्वस्त झाले हा तुमचा फायदा आहेच, पण तुमच्या ९,५०० च्या जुन्या सायकलसमोर गिऱ्हाइकाला आता कमी पैशांत कोरी सायकल दिसते, कंपनीच्या वॉरंटीसकट. तुमच्या हातचं काम कितीही चोख असलं तरी चाकाच्या मधोमध असलेला, ग्रीस भरलेला हब बाहेरून दिसत नाही.

आणखी एक काळजी. भंगारातून किंवा चोर बाजारातून सायकली उचलताना विकणाऱ्याचं नाव, फोन आणि फ्रेम नंबर लिहिलेली पावती घेत जा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तुम्ही जाणूनबुजून घेणार नाही, पण ते सिद्ध करायला कागद लागतो.

मग कमाई कुठे आहे? सर्व्हिसिंगमध्ये. तुमच्या आणि आसपासच्या इमारतींच्या जिन्यांखाली किती सायकली चेन गंजून, हवा जाऊन उभ्या आहेत, एकदा मोजा. एका सर्व्हिसिंगचे ३५० घ्या, दोन तास धरा, पार्टचे पैसे गिऱ्हाइकाचे. तासाला १७५ झाले. माल भरायचा नाही, गॅलरी अडवायची नाही, विक्री होईल का म्हणून रात्री जागायचं नाही. आठवड्याला तीन सायकली घेतल्या तर महिन्याला चार हजारांच्या पुढे जाल. आधी दोन सायकली करून बघा, मग भाव ठरवा. शाळा सुरू व्हायच्या आधीचा मे-जून आणि पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर, हे तुमचे हंगाम.

एक गोष्ट स्वतःच्या अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी मी माझी सायकल एका दुकानात पूर्ण ओव्हरऑइलिंगला दिली होती. बिलावर छर्रे (बेअरिंगचे गोळे) बदलल्याचे पैसे लावलेले होते. चार महिन्यांत पेडल मारताना परत कटकट आवाज यायला लागला. घरी बीबी, म्हणजे पेडलचे दांडे जिथे फिरतात तो मधला आस, उघडली तर नव्या ग्रीसमध्ये जुनेच छर्रे, खड्डे पडलेले. पैशांपेक्षा विश्वास गेला याचं दुःख जास्त झालं. तुम्ही काम कराल तेव्हा काढलेले जुने छर्रे, जुनी चेन पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. जाहिरातीवर एक रुपया खर्च करावा लागणार नाही.

अवजारांची यादी मी बारकाईने पाहिली. कॉम्प्रेसर काढून टाका. म्हाडाच्या जुन्या इमारतीत रात्री नऊला तो सुरू केलात तर शेजाऱ्यांशी वाकडं येईल, आणि गेज असलेला उभा पंप तेच काम करतो. आउटचा स्टँडही आत्ता नको. सायकल उलटी करून चाक धरणाऱ्या चिमट्याला (फोर्कला) आगपेटीची काडी बांधा, रिमपासून केसभर दूर, चाक फिरवा आणि जिथे काडी घासेल तिथला स्पोक बघा. तिन्ही सायकलींची चाकं तुम्ही अशीच सरळ केली असणार. हबसाठीचे पातळ कोन पाने, चेनची पिन काढायचं टूल, स्पोक चावी, टायर लिव्हर, चांगलं ग्रीस आणि पंप: नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात एक फेरी मारलीत तर माझ्या अंदाजाने पाच हजारांत बसेल. पुढचं प्रत्येक अवजार त्या कामाचं गिऱ्हाईक आल्यावर घ्या.

एका वस्तूला मात्र पैसे वाचवू नका: स्टीलची एक फुटी पट्टी. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन बघा. नव्या चेनला ती बरोबर १२ इंचांवर येते. अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) पुढे गेली की चेन बदला. एक सूत पुढे जाईपर्यंत चालवलीत, तर तोवर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दात झिजलेले असतात, नवी चेन त्यांच्यावर घसरते आणि तीन-चारशेच्या चेनऐवजी फ्रीव्हील, चेनव्हील धरून दीड-दोन हजारांना बांबू लागतो. क्रेडिट कार्डावर थकलेली बाकी अशीच वाढते, म्हणून ही पट्टी मी माझ्याकडे पैशांचा सल्ला घ्यायला येणाऱ्या अशिलांनाही दाखवते. गिऱ्हाइकासमोर चेनवर पट्टी धरून दाखवा. 'चेन गेलीय' हे त्याला तुमच्या तोंडून ऐकावं लागणार नाही, तो स्वतः वाचेल.

आता 'हिंद'. ही सायकल मी हिशोबात धरलेलीच नाही. वडील वरळीच्या बीडीडी चाळीतून गिरणीत याच सायकलवर जात, असं तुम्ही लिहिलंय. हिंद सायकल्सचा कारखाना वरळीतच होता. तिथल्या हिंद सायकल रोडच्या नावात तो अजून आहे. १९८० मध्ये केंद्र सरकारने एकाच कायद्याने हिंद आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. आज कारखाना नाही. पण पार्टची भीती बाळगू नका. मुंबईचे पाववाले, दूधवाले, डबेवाले अजून अठ्ठावीस इंची काळ्या सायकली हाणतात, त्यामुळे २८ × १½ चे टायर, पेडलचा दांडा (क्रँक) आसाला धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना, सळयांच्या ब्रेकचे रबर आजही मिळतात. टायर-ट्यूब, चेन, छर्रे, पिना, रबर मिळून साडेतीन हजार धरा.

तिला पावडर कोटिंग करू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यासाठी आधी जुना रंग पूर्ण खरवडतात. फ्रेमवरचं चिन्ह, सोनेरी रेघा, वडिलांच्या मांडीने घासून गुळगुळीत झालेला तो वरचा दांडा, सगळं जाईल आणि कुठल्याही किमतीला परत येणार नाही. हलक्या हाताने गंज काढा, तेलाचा हात फिरवा, वर मेण लावा. हजार रुपयेही वाचतील.

कॉटर पिन घाईने ठोकू नका. आदल्या रात्री तेल सोडा. नट पिनेच्या टोकाशी बरोबर येईल इतका सैल करा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवा, नाहीतर हातोडीचा सगळा मार छर्ऱ्यांवर बसतो. मग एकच सरळ घाव. डाव्या पेडलचे आणि बीबीच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात हे तुम्हाला माहीत असेल, तरी मुलगी मदतीला बसली की तिला आधी सांगा.

पैशांची व्यवस्था अशी करू. उरणाऱ्या ६,००० मधले १,५०० दर महिन्याला एका वेगळ्या बचत खात्यात टाका, बाकी ४,५०० नेहमीप्रमाणे साठवा. सहा महिन्यांत त्या खात्यात ९,००० होतील. आधी पाने, मग 'हिंद', आणि सर्व्हिसिंगचे पैसे त्याच खात्यात. खातं रिकामं असेल तर त्या महिन्यात खरेदी नाही. गॅलरीत एका वेळी एकच उघडलेली सायकल, ही अट वहिनींच्या वतीने मी घालते, कारण गॅलरी चौघांची आहे. भंगारातली एखादी सायकल मनात भरली तर आणा, पण तिला छंद म्हणा.

सर्व्हिसिंगची कमाई रिटर्नमध्ये दाखवा. आयकर कायद्यात छोट्या धंद्याला अंदाजित उत्पन्न धरता येतं, यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के. त्यासाठी आयटीआर-१ ऐवजी आयटीआर-४ भरावा लागेल. या उलाढालीला जीएसटी नोंदणीची गरज नाही.

राहिली एफडी. ती सात महिन्यांनी मुदत पूर्ण करते असं तुम्ही लिहिलंय. बँकेने आपोआप नूतनीकरण करायच्या आत शाखेत जाऊन तिचे ५०,००० चे तीन भाग करा: सहा महिने, बारा महिने, अठरा महिने. अडचण आली तर एकच भाग मोडावा लागेल, बाकीचे दोन जागेवर राहतील. तिन्ही ठेवी दोघांच्या नावावर करून घ्या, आणि पावत्या वहिनींकडे ठेवा.