गेलीस तुझ्या मर्जीनं, येही तुझ्याच मर्जीनं

प्रिय परभणीकर लेकी,

घरच्यांशी भांडून जर्मनीला गेलीस, ८ वर्षं टूल डिझाइनमध्ये, म्हणजे कारखान्यातले साचे आखण्याच्या कामात, नाव काढलंस. आता संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यानं बोलावलंय आणि तुला मनापासून यायचंय. पण पगार निम्म्याहून कमी, शिवाय गल्लीत ‘कामून आली परत? काढलं का काय?’ होईल, या धास्तीनं ‘आई-बाबांसाठी येतेय’ असं सगळ्यांना सांगून बसलीस.

तेवढं मागं घे, बाई. ‘आमच्यापायी येऊ नको’ असं आई फोनवर उगाच नाही म्हणाली. उद्या कारखान्यात कुणाशी खटका उडाला की राग त्या दोघांवर निघेल, आणि ती मुकाट्यानं सोसतील. बाबांना सरळ सांग, मला हे काम करायचंय. गल्लीतले पोळ्यापर्यंत बोलतील, मग त्यांना दुसरा विषय मिळेल.

आणि वाळूज म्हणजे काही घर नव्हे. आधी संभाजीनगर स्टेशन गाठायचं, मग जालना, परतूर, सेलू, मानवत रोड करत परभणी. अर्धा दिवस त्यातच जातो. आठवड्याला एकच सुटी असेल तर महिन्यातून कितीदा जमेल ते आत्ताच बघ आणि आईला तेवढंच कबूल कर. संभाजीनगरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा भाड्याचं घर बघताना टाकी आणि बोअरचं आधी विचार.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. ‘डिझाइन विभाग उभा करायचाय’ असं कारखान्यावाले म्हणतात. होकार देण्याआधी तिथं जाऊन ये, टूलरूममध्ये, साचे बनतात तिथं, उभी राहा. हाताखाली कोण, सॉफ्टवेअर कोणतं, डाय, म्हणजे साचा, फसली तर बदल कोण ठरवतं, हे मालकाला नाही, तिथल्या कामगारांना विचार. ड्रॉइंग ग्राहकाकडून तयार येत असेल आणि इथं फक्त डाय कापायची असेल, तर तुझी विद्या गंजेल. कमी पगारात भागेल गं, पण हे तुला सोसवणार नाही.

पैशांचं थोडक्यात. परतलीस की बँकेला कळवून एनआरई, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं, खातं निवासी करून घ्यावं लागतं. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्यांना तिकडच्या उत्पन्नावर सुरुवातीची दोनेक वर्षं इथं सहसा कर लागत नाही, पण ते भारतात किती दिवस राहिलीस त्यावर ठरतं. म्हणून येण्याची तारीख सीएला विचारूनच ठरव. आणि तिकडचा राजीनामा इथलं नेमणूकपत्र हातात पडल्यावरच दे.

तुझी,
मावशी