“मुलाला विमानाने येऊ देऊ की नको?”

2025च्या जून-जुलैत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं तेव्हाच ठरवलं होतं. 12 जूनला अहमदाबादहून लंडनच्या गॅटविकला निघालेलं एअर इंडियाचं 171 क्रमांकाचं विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या 242 जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचे 19 जण गेले. मुख्य वैमानिक पवईचे, कर्मचाऱ्यांपैकी काही जण डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडचे. त्यामुळे आमच्या ठाणे जिल्ह्यात ही बातमी टीव्हीपुरती राहिलीच नाही. ती लोकलमध्ये होती, सोसायटीच्या ग्रुपवर होती, किराणा दुकानातही होती.

ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना दिनकरराव म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंता. मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात इंग्लंडमध्ये, गणपतीला घरी येणार होते. दिनकररावांना त्यांच्या पत्नी माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, “मला काही झालेलं नाही. हे रात्री अडीचला उठून विमानं बघतात.”

दिनकररावांनी सोबत वही आणली होती. शाळेची दोनशेपानी, वर प्लॅस्टिकचं कव्हर. प्रत्येक पानाला एक कारण: फ्लॅप (पंखांच्या मागच्या, उचल देणाऱ्या पट्ट्या) उघडले नव्हते, पक्षी धडकले, इंधनात भेसळ, वीजपुरवठा गेला, घातपात. निळ्या पेनाने मुद्दे, लाल पेनाने आक्षेप, कडेला व्हिडिओची तारीख आणि वेळ. काम इतकं नेटकं होतं, की क्षणभर मीच वाचत बसले. मध्ये एका पानावर फक्त ‘11 ए’ लिहून चौकट केली होती. वाचलेला प्रवासी त्या सीटवर होता, म्हणून मुलाला तीच सीट घ्यायला सांगितलं होतं. मुलाने कळवलं, की त्यांच्या विमानात 11 ए ही सीट आपत्कालीन दाराजवळ नाहीच. प्रत्येक विमानाची मांडणी वेगळी असते. (गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी या अपघातात गेले. त्यांचा लकी नंबर 1206 आणि अपघाताची तारीख 12/06, हा फॉरवर्ड तर मला तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आला. माणूस हादरला की आकड्यांतसुद्धा कुणाचा तरी हात शोधतो.)

खरी अडचण वहीची नव्हती. रोज मध्यरात्री मुलाला चार-पाच व्हिडिओ जात होते. ही कंपनी नको, ते मॉडेल नको, दोहामार्गे या, नाहीतर येऊच नका. मग कुठलंही विमान माघारी फिरलं की त्याची लिंक. अपघातानंतर अशा प्रत्येक घटनेची बातमी होत होती. त्यातल्या बऱ्याचशा एरवी आपल्या कानावरही आल्या नसत्या. सुनेने सासऱ्यांचं चॅट म्यूट केलं. मुलगा फोन उचलेनासा झाला, आणि फोन उचलला नाही की दिनकररावांची धडधड आणखी वाढायची.

अशा माणसाला “विमान हे सर्वांत सुरक्षित वाहन आहे” असं सांगून काही हाती लागत नाही. ते त्याला माझ्याहून जास्त माहीत असतं. मी एवढंच विचारलं, “काका, व्हिडिओ लावायच्या आधीची पाच मिनिटं कशी असतात?” बराच वेळ गेला. मग म्हणाले, छातीत काहीतरी दाटतं, नातीचा चेहरा येतो, हातात फोन घेतला की जरा बरं वाटतं. आणि व्हिडिओ संपल्यावर? “पुढचा लावावासा वाटतो.”

कारण शोधणं हे त्यांचं भीतीवरचं औषध होतं आणि त्याचा अंमल दहा मिनिटंच टिकत होता. एखादं कारण पक्कं झालं की ते टाळता येईल, म्हणजे नात सुखरूप येईल, असा तो हिशेब. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचा हिशेब याच धर्तीचा होता. फक्त वही सगळ्यांकडे नव्हती.

जुलैच्या 12 तारखेला विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल आला. फ्लॅप योग्य स्थितीत होते, मार्गात लक्षात येण्याजोगे पक्षी नव्हते, टँकरमधल्या इंधनाचे नमुने ठीक होते. वहीतली तीन पानं एका दिवसात निकालात निघाली. पण दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच उड्डाणानंतर काही सेकंदांत ‘कटऑफ’कडे, म्हणजे इंधन बंद करणाऱ्या स्थितीकडे गेले, एक वैमानिक दुसऱ्याला ‘तू बंद का केलंस’ असं विचारतो आणि दुसरा ‘मी केलं नाही’ म्हणतो, हेही त्यात होतं. कोण कुणाला म्हणालं ते अहवालात नाही. स्विच कसे गेले तेही नाही. स्विचच्या लॉकिंगबद्दल अमेरिकी नियामकाने 2018 साली काढलेल्या, बंधनकारक नसलेल्या सूचनेचा उल्लेखही त्याच अहवालात आहे, पण तो परिच्छेद कुणी फारसा फॉरवर्ड केला नाही. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निकाल लागला होता: वैमानिकाने पाडलं.

दिनकरराव दोन दिवस शांत झोपले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला, आता आधीपेक्षा वाईट आहे. साहजिकच होतं. यंत्रातला दोष असेल तर मॉडेल टाळता येतं, माणसातला दोष कुठल्या तिकिटावर छापलेला असतो? आता ते मुलाला वैमानिकाची नावं शोधायला सांगत होते.

पुढच्या भेटीत मी दिनकररावांना त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं. लाईनवरचे अपघात त्यांनी बघितले असणारच. एक लगेच आठवला. वायरमन पोलवर चिकटला होता. खाली गावकरी जमलेले, आणि देह उतरवण्याआधीच “दारू प्यायला होता” हे सगळ्यांच्या तोंडी. त्याच्या बायकोलाही कुणीतरी तेच ऐकवलं. पुढे विद्युत निरीक्षकांची चौकशी झाली. कामाचं परमिट रीतसर घेतलं होतं, लाईन बंद होती, पण एका कारखान्याच्या जनरेटरमधून रिटर्न सप्लाय, म्हणजे उलटा वीजप्रवाह लाईनवर आला होता. हे कळायला कित्येक महिने गेले. “तोवर बाईने गाव सोडलं होतं,” दिनकरराव म्हणाले, आणि वही मिटून पिशवीत घातली. पवईच्या वैमानिकांचे वडील नव्वदीच्या घरातले आहेत हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. ते त्यांनीच मला सांगितलं.

त्यानंतर काम सोपं झालं. अपघाताचा तपास कसा चालतो हे त्यांना वेगळं शिकवायची गरज उरली नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीस दिवसांत प्राथमिक अहवाल, शक्यतो वर्षभरात अंतिम, आणि हेतू दोष ठरवण्याचा नसून पुढचा अपघात टाळण्याचा, हे त्यांनीच पत्नीला समजावून सांगितलं. “अजून ठरलेलं नाही” हे वाक्य चौकशी अहवालांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं होतं. आता ते रात्री अडीचला स्वतःला ऐकवायचं होतं. ते कठीणच.

मग व्यवहाराच्या गोष्टी ठरवल्या. बातमी सकाळच्या पेपरात, एकदाच. व्हिडिओ बंद. हा नियम मी हवेतून काढलेला नाही. 2013च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर झालेल्या अभ्यासात, पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. काळजी करायला संध्याकाळी पंधरा मिनिटं राखून ठेवली, गच्चीवर, फोनशिवाय. अवेळी काळजी आली तर तिला संध्याकाळची वेळ द्यायची. मुलाला एकच निरोप: “तिकीट तुम्ही ठरवा, उतरलात की कळवा.” तो निरोप लिहायला त्यांना आठवडा लागला. आणि त्यांच्या पत्नीने “आज काही नवीन आलं का?” असं विचारणं बंद करायचं. हे मात्र त्यांना अजिबात आवडलं नाही. त्यांनाही ऐकायचं असायचं, फक्त शोधायचं काम नवऱ्याकडे होतं.

ज्यांनी भीतीपोटी प्रवासच बदलला, त्यांचं काय? एका कुटुंबाने मुंबई-नागपूर विमान रद्द करून रात्रभर गाडी चालवत जायचं ठरवलं होतं. त्यांना मी अमेरिकेतला हिशेब सांगितला. 2001च्या हल्ल्यांनंतर लोकांनी विमान सोडून गाड्या काढल्या आणि त्यापायी पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा माणसं गेली, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी मांडला आहे. ते कुटुंब शेवटी ट्रेनने गेलं. चालेल.

महिना उलटूनही झोप लागत नसेल, दृश्यं आपोआप डोळ्यांपुढे येत असतील, घरातलं किंवा कामावरचं काही सुचत नसेल, तर नुसत्या नियमांवर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. ज्यांचं जवळचं माणूस अशा अपघातात गेलं आहे त्यांच्यासाठी तर वरचं काहीच पुरेसं नाही. तो वेगळा विषय आहे.

दिनकररावांची मंडळी गणपतीला आली, दोहामार्गे नाही, थेट विमानाने. ते रात्रभर फोनवर विमानाचा ठिपका बघत बसले, असं त्यांच्या पत्नीने तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी हरकत घेतली नाही. ठिपका बघताना त्यांनी मुलाला एकही मेसेज केला नव्हता.