आत्याचा पंधरवडा एडिसनमध्ये कसा करायचा?

प्रश्न: ताई, माझी आत्या मिरजेत वारली, मला व्हिसाच्या भानगडीत जाता आलं नाही. तिने लग्न केलं नाही, शाळेत शिकवायची, आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं. वर्षश्राद्ध भावाने तिकडे केलं. आता पितृपक्ष येतोय, इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला मी काय करू? आणि मी तिची भाची, मी केलेलं चालतं का? मुलगा नऊ वर्षांचा, त्याला आत्याआजी फक्त व्हिडिओ कॉलवरची माहितीये.

उत्तर: चालतं गं, न चालायला काय झालं. महालयात, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धात, फक्त आईवडील आजीआजोबा नसतात, आत्या, मावशी, मामा, सासरे, गुरू, मित्र सगळ्यांची नावं घेतात. बाईने करायचं म्हटल्यावर काही गुरुजी कुरकुर करतात, करू देत. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत तर बायकाही पौरोहित्य करतात आणि मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात, मुलगा शेजारी बसणार असेल तर मला तरी ते जास्त आवडेल.

तिथीचा घोळ सगळ्यांचाच होतो म्हणून सांगते. आत्या ज्या तिथीला गेली, मग महिना कुठलाही असो, भाद्रपद वद्य पक्षातली ती तिथी तिची. पण श्राद्ध दुपारचं, साधारण दीड ते चारच्या मधलं, आणि त्या वेळी तुमच्याकडे जी तिथी असेल ती धरायची, मिरजेतली नाही. तिकडचं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास पुढे असतं त्यामुळे कधीकधी तारीख एक दिवस इकडेतिकडे होते. पंचांगाच्या अ‍ॅपमध्ये शहर एडिसन टाक की झालं. त्या दिवशी मीटिंगा असतील तर सर्वपित्री अमावस्या आहेच, ती सगळ्यांसाठी असते.

स्वयंपाकात खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, जेवढं झेपेल तेवढं. अळू इंडियन ग्रोसरीत मिळतो, नाही मिळाला तर पालक घाल. घास बाहेर ठेवायचा तर ठेव पण कावळ्याच्या आधी खार नाहीतर रॅकून येऊन नेणार हे धरून चाल, आणि शेजारी तक्रार करणारे असतील तर मागच्या अंगणातच ठेव.

आता खरं सांगायचं ते. तू पत्रात पुढे लिहिलंयस की तिच्या व्हॉइस नोट्समध्ये मागे कुकर वाजतो आणि आत्या बोलता बोलता मध्येच "ही दुसरी" म्हणते आणि परत तुझ्या नोकरीवर येते. अगं हे सोनं आहे! मुलाला हे ऐकव. आपण माणूस गेलं की फोटोला हार घालतो आणि "फार प्रेमळ होती हं" म्हणून मोकळे होतो, मुलांना त्यातून काही कळत नाही. तुझ्या निबंधात लाल पेनने ऱ्हस्व दीर्घ काढायची, पाहुण्यांसमोर पण "नीट बस" म्हणायची, चिडली की जेवायची नाही, ते पण सांग. राग आलेला असेल तर तोही. नऊ वर्षांच्या पोराला देवी नको असते, त्याला गोष्टीतली खडूस आत्याआजी चालते, आणि मग तो आपणहून विचारतो की ती अजून काय करायची.

त्या व्हॉइस नोट्स फक्त फोनमध्ये ठेवू नकोस. तिचं अकाउंट गेलं तरी तुझ्याकडच्या राहतात, पण फोन बदलताना बॅकअप गंडला की गेल्या. चॅट मीडियासकट एक्सपोर्ट कर, क्लाउडवर टाक, एक कॉपी भावाकडे. आणि तिचा फोन भावाकडे पडून असेल तर त्यातलं आधी काढून घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅप साधारण १२० दिवस वापरलं नाही की अकाउंट डिलीट होतं, सिम रिचार्ज केलं नाही तर नंबरही बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. मग फॅमिली ग्रुपमध्ये "लेफ्ट" दिसतं किंवा आत्याच्या नंबरवर कुणा भलत्याचाच डीपी येतो, ते बघून लोक फार हलतात. आधीच माहीत असलं तर निदान धक्का कमी बसतो.

तिच्या शाळेतल्या मैत्रिणी, जुने विद्यार्थी मिरजेत असतीलच. भावाला सांग, एकेकाला फोन लावून दहा मिनिटं बोलतं कर आणि रेकॉर्ड कर, अर्थात त्यांना विचारून. तुम्हाला फक्त घरातली आत्या माहितीये, वर्गातली त्यांना माहीत आहे. आणि घर आवरायला काढलंय म्हणालीस ना, तर तिच्या वह्या रद्दीत जायच्या आत भावाला आजच मेसेज टाक.