कुणी रडलं तर काय करू?

मिरज तालुक्यातल्या एका बचत गटाच्या सचिव ताईंचा परवा फोन आला. "मॅडम, आमच्या बायका बैठकीला येतात, हप्ता देतात नि उठून जातात. एकमेकींशी धड बोलत नाहीत. हातानं काही करायचा कार्यक्रम ठेवावा म्हणते. पण कुणी रडायला लागलं तर मला निस्तरता येईल का?"

ही भीती मी बऱ्याच जणींकडून ऐकलीय. म्हणून मी बैठका घेतल्या त्या एका गटाचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. त्या पुरात या बायकांची घरं बुडाली होती. पुढं पंचनाम्याच्या यादीवरून दोघींचं बिनसलं आणि गटात दोन तट पडले.

पहिल्या दिवशी चूक माझीच झाली. गोल बसवून मी म्हटलं, "पुरात काय वाटलं, एकेकीनं सांगा." 11 जणी, सगळ्यांच्या माना खाली. एक पाणी प्यायला म्हणून उठली, ती परत आलीच नाही.

पुढच्या खेपेला प्रश्न सोडून दिले. घरातलं एकेक जुनं कापड आणा, वाकळ म्हणजे गोधडी शिवू, एवढंच सांगितलं. वाकळीला चारी बाजूंनी बसता येतं. एकीनं दोरा जास्त ओढला की दुसरीकडं झोळ येतो. तक्रार करायला तरी तोंड उघडावंच लागतं. शिवाय नजर सुईवर असते, कुणाच्या डोळ्यांत बघायची सक्ती नाही.

तसंच झालं. "अगं, किती ओढतीस? हिकडं सगळं गोळा झालं!" कित्येक महिन्यांत त्या दोघींमधलं हे पहिलं वाक्य. मी मध्ये पडले नाही. दुसरीनं काही न बोलता दहा-बारा टाके उसवले आणि सैल हातानं पुन्हा धावदोरा घातला.

तिसऱ्या बैठकीत एका मावशींनी पिशवीतून लुगड्याचा तुकडा काढला. काठाला पुराच्या गाळाचा डाग, किती धुतला तरी न गेलेला. तो मांडीवर धरून त्या रडायला लागल्या. शेजारीण "रडू नका" म्हणणार, तेवढ्यात मी तिला खुणेनं थांबवलं. मावशींजवळ जाऊन बसले. बाकीच्यांच्या सुया चालूच होत्या. बऱ्याच वेळानं मावशींनी विचारलं, "डाग वर घेऊ का आत?" मग त्यांनीच ठरवलं, वर.

तेव्हा ताई, रडणं निस्तरायचं नसतं, त्याला जागा द्यायची असते. सुरुवातीलाच सांगा, बोललं नाही तरी चालेल, इथलं बाहेर जाणार नाही, फोटो काढायचे नाहीत. कुणाचे टाके सुबक, याचे नंबर तर मुळीच काढू नका. नंतर त्या बाईला बाजूला घेऊन विचारा, झोप लागते का, जेवण जातं का. जगणं नको झालंय असं ती बोलली, तर वाकळीवर विसंबू नका. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडं न्या. 'टेली-मानस' या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि सुया मोठ्या नेढ्याच्या घ्या. तरी चाळिशीपुढच्या काहींना दोरा ओवता येणार नाही. तुम्ही लगेच हात पुढं करू नका, शेजारीण ओवून देईल.